मध्यान्हपूर्व

आमच्या कचेरीत हजेरीपटावर सगळे जण दहाच लिहायचे. कुणी पावणेअकराला येवो, कुणी सव्वाअकराला, सहीपुढे आकडा दहाचा. फक्त एक ओळ वेगळी असायची. दहा सात. दहा तीन. नऊ एकोणसाठ. एकदा तर दहा बावीस, आणि पुढे बारीक अक्षरात कारणसुद्धा : उत्तनकडची बस पंक्चर. ती ओळ त्याची. कचेरीने त्याचं नाव ठेवलं होतं मिनिटकाटा.

त्या एका ओळीने सगळ्या पानाची अब्रू जायची. वीस दहा आणि त्यात एक दहा सात. तपासणीला आलेल्या माणसाची नजर नेमकी तिथेच थांबायची. तीन उशिरांना एक किरकोळ रजा कापायचा नियम होता आणि तो नियम वर्षभर फक्त त्याच्या एकट्यावर चालायचा. डिसेंबर उजाडेपर्यंत त्याची एकही रजा शिल्लक नसायची, आणि सव्वाअकराला येणारे आम्ही मात्र उरलेल्या रजा कशा संपवाव्यात या काळजीत असायचो. शेवटी साहेबांनी त्याला बोलावून जवळजवळ विनवलंच, की बाबा रे, तूही दहा लिही. तो खिशातून चावीचं घड्याळ काढून त्याकडे बघत म्हणाला, "घड्याळ दहा म्हणत न्हाय, साहेब."

तो डोंगरीचा. उत्तनच्या बाजूला ते गाव आहे, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला. त्याचे वडील चर्चची घंटा वाजवायचे; सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सात. वडिलांचे गुडघे गेल्यावर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी हा वाजवायचा. गावातल्या बायका त्या घंटेवर भात उतरवतात, असं तो सांगायचा. घंटा दोन मिनिटं उशिरा झाली तर अख्ख्या गावाचा भात दोन मिनिटं जास्त शिजतो, हे त्याचं तत्त्वज्ञान. यावर हसायचं की नाही हे आम्हाला कधी कळलं नाही. तो स्वतः हसत नसे.

आता उगाच लांबण लावत नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जेवताना समोर बसला तर घास घशाखाली उतरू नये असा. रंगारूपाचा म्हणावा, तर तोही माझ्यासारखाच काळा आणि किडकिडीत. हुशारीचा म्हणावा, तर निवडयादीत माझा नंबर त्याच्या वर होता. मी चौदावा, तो पंधरावा. पगार सारखा, टेबलं शेजारी, दोघांत एकच पंखा. हेवा होता तो एका तारखेचा.

आम्ही दोघे एकाच हुकमाने नोकरीला लागलो. त्याच वर्षी सरकारने नियम केला की नोव्हेंबरच्या एक तारखेपासून जो लागेल त्याला जुनी पेन्शन नाही. जुनी म्हणजे कशी, शेवटच्या पगाराच्या निम्मी, मरेपर्यंत, महागाईबरोबर वाढणारी, आणि आपल्या मागे बायकोलाही. नवी म्हणजे दर महिन्याला पगारातून दहावा हिस्सा कापायचा, तो बाजारात लावायचा आणि म्हातारपणी जे काही निघेल त्याला नमस्कार करायचा. तो रुजू झाला एकतीस ऑक्टोबरला. मी त्यानंतर सात दिवसांनी.

सात दिवस. माझा हप्ता कापून जायचा आणि तो नक्की कुठे जाऊन बसतो हे पहिली काही वर्षं कुणालाच सांगता येत नव्हतं. हेडक्लार्क बाईंना विचारलं तर त्या वर बोट दाखवायच्या. वर म्हणजे मंत्रालय की देव, तेही त्या सांगत नसत. तो शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत असायचा. त्याच्या म्हातारपणाला छप्पर घालून झालं होतं आणि माझं उघड्यावर होतं, आणि हे दोघांच्या पगाराच्या कागदावर दर महिन्याला छापून यायचं.

यात सगळ्यात जास्त पोटात दुखायचं ते याचं, की त्याला त्या पेन्शनचं काडीचं कौतुक नव्हतं. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण माझ्यासाठी. चणे आहेत आणि दात असून चावायचा कंटाळा, ही त्याची तऱ्हा. मी एकदा कागदावर मांडून त्याला समजावलं की अठ्ठावन्नाव्या वर्षी तुला काय मिळेल आणि मला काय. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तवा कोण हाय, कोण न्हाय." आणि डबा उघडून मला बोंबलाचं लोणचं वाढलं. लोणचं उत्तम होतं, त्याचाही मला राग आला.

माझ्या लग्नाची गोष्ट सांगायलाच हवी. एक स्थळ आलं होतं, रायगडकडचं. मुलगी चांगली, मुलीचे वडील सरकारी नोकरीतून निवृत्त. आमच्या घरी बघायला आले तेव्हा माझे वडील गावी होते, तर माझ्या बाजूने कुणीतरी पुरुषमाणूस हवा म्हणून मी याला बोलावून घेतलं. ती माझी चूक. चहा झाला, पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी माझं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. एवढंच विचारलं, "रुजू कधी झालात?" मी सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली. थोडा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले आणि मग याच्याकडे वळून म्हणाले, "आणि आपण?"

"एकतीस ऑक्टोबर, बारा एकेचाळीस," हा म्हणाला. "पण मी ख्रिस्ती हाय, काका."

सगळे हसले. मीही हसलो, कारण त्या वेळी दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. ते स्थळ मोडलं. पुढे दुसरीकडे जमलं. त्या सासऱ्यांनी तारीख विचारली नाही, म्हणून ते मला अजूनही आवडतात.

मला कचेरीत लागून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा माझ्याकडे आस्थापनेचं टेबल आलं. म्हणजे सगळ्यांच्या सेवापुस्तकांचा मी राखणदार. तेवढ्यात वरून पत्र आलं, की जुन्या पेन्शनचे कोण आणि नव्या पेन्शनचे कोण याची यादी पक्की करून पाठवा, आणि प्रत्येकाच्या रुजू होण्याची नोंद मूळ रुजू अहवालाशी ताडून बघा. रुजू अहवाल म्हणजे पहिल्या दिवशी आपण स्वतःच्या हाताने लिहून देतो तो कागद. मी बाईंना विचारलं की ताडायचं म्हणजे काय काय बघायचं. नाव, तारीख आणि वेळ, त्या म्हणाल्या. वेळ कशाला, मी विचारलं.

बाईंचा नियमांवर फार जीव. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर ते बघायचं. बाराच्या आत आलास तर तो दिवस तुझा. बारानंतर आलास तर नोकरी दुसऱ्या दिवसापासून धरतात."

बाई पुन्हा कामाला लागल्या. मी जागेवर येऊन बसलो. शेजारी तो पंख्याखाली हलणारे कागद पट्टीने दाबून ठेवत होता. बारा एकेचाळीस. एकतीस तारखेचा दुसरा दिवस कोणता, हे पहिलीतलं पोरही सांगेल.

मी त्याचं सेवापुस्तक काढलं. नोंद होती एकतीस ऑक्टोबर, मध्यान्हपूर्व. अक्षर आधीच्या हेडक्लार्कचं, जे केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांनी सगळ्यांच्याच पुस्तकात मध्यान्हपूर्व लिहिलं होतं, जसे आम्ही सगळे दहा लिहायचो. पण तो बाराच्या आत आलेला नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं, कारण त्या दिवशी बारा वाजता तो माझ्या घरी होता.

झालं होतं असं. आमची ओळख कागदपत्रं तपासायच्या रांगेत झालेली. हुकूम हातात पडला तेव्हा दिवाळी तोंडावर होती. एकतीस तारखेला सकाळी तो डोंगरीहून बसने आला आणि भाईंदर पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांच्या दारात उभा राहिला. "चल, रुजू होऊ." नंबर एका पानावर आहेत तर जायचंही एकत्र, असं त्याचं म्हणणं. आई चकल्या तळत होती. तिने त्याला पाटावर बसवलं, ताटलीत चकल्या वाढल्या आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. तोंडावर अमावास्या, तिचं म्हणणं, आणि जन्माची भाकरी अशा दिवशी कुणी सुरू करतं का? आमच्या रत्नागिरीकडे नवी केरसुणीसुद्धा तिथी बघून घेतात. भाऊबीज होऊ दे, मग जा.

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. आंघोळ केली. शर्टाला इस्त्री केली. इस्त्री केलेला शर्ट घालून पुन्हा स्वयंपाकघरात गेलो आणि आईचं तोंड बघून काढून ठेवला. दर थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याला सांगायचो की पाच मिनिटं थांब. मिनिट या शब्दाला माझ्याकडे काय किंमत आहे हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून तो खरंच थांबला. मग एकदम तो उठून उभा राहिला. हातातली अर्धी चकली ताटलीत ठेवली, खिडकीकडे तोंड केलं, कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटू लागला. आईने झारा तसाच धरून गॅस बारीक केला. प्रार्थना आटपल्यावर तो म्हणाला, "बारा झाले. आमच्या गावात आता घंटा होते." त्यानंतरही वीस मिनिटं माझी वाट बघून तो एकटाच निघाला.

हे सगळं मला टेबलाशी बसल्या बसल्या आठवलं. आणि त्याबरोबर जे वाटलं तेही लिहून टाकतो. मला आनंद झाला. इतका की मी पाणी प्यायलो. यात मला खोटं बोलायचं नव्हतं, निनावी अर्ज करायचा नव्हता, कुणाचं वाईट चिंतायचं नव्हतं. फक्त माझं काम चोख करायचं होतं. मूळ कागद काढायचा, ताडायचा, फरक आढळला असा शेरा मारून बाईंपुढे ठेवायचा. पुढचं नियम बघून घेतील. शिवाय त्याला विचारलं असतं तरी त्याने मिनिटासकट खरं सांगितलं असतं. मग त्याचा हप्ता कापला गेला असता, त्याचंही छप्पर उडालं असतं आणि आम्ही दोघे एका पंख्याखाली सारखे झालो असतो.

कागद शोधायला मला दोन दिवस लागले. जुनी दप्तरं माळ्यावर होती, लाल फडक्यात बांधलेली. खाली बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातली ठोकाठोक ऐकत मी एकेक गाठ सोडत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. आखीव कागद, निळी शाई, त्याचं ते गोल गोल अक्षर. मी उभ्या उभ्याच वाचला.

"मी आज रोजी दुपारी बारा वाजून एकेचाळीस मिनिटांनी रुजू होत आहे. उशिराचे कारण, यादीतील माझ्या वरील उमेदवार यांस बोलावण्यास त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या घरी दिवाळी आहे, त्यामुळे ते आठवड्याने येतील. तरी त्यांची जागा तोपर्यंत कोणास देऊ नये, ही विनंती."

खाली त्या वेळच्या साहेबांची सही आणि शेरा : पाहिले, ठीक.

मी माळ्याच्या शिडीवर बसलो. मी रुजू व्हायला आलो तो दिवस आठवला. कपाळावर कुंकू, हातात पेढ्यांचा पुडा, आणि घड्याळात बरोब्बर दहा. बाकावर एक माणूस फाइल घेऊन बसलेला होता. साहेबांनी मला खालीवर बघितलं होतं. "तुम्हीच का ते दिवाळीवाले? हुकूम वाचला होता का? आठ दिवसांची मुदत होती. ती संपली परवा. तो बाकावरचा प्रतीक्षा यादीतला आहे, रोज येतो." मग त्यांनी थोडा विचार केला आणि मला सही करायला सांगितलं. तो माणूस फाइल घेऊन निघून गेला. मला वाटलं होतं पेढ्यांचा गुण.

मी कागद खिशात घालून खाली आलो, तर तो माझ्याच टेबलापाशी उभा. हातावर धूळ बघून त्याने विचारलं की त्याचा अहवाल सापडला का. मी नाही म्हणालो. त्याचा चेहरा पडला. कागद हरवणं त्याला सहन होत नसे.

"मी दिलेला हाय. बारा एकेचाळीसला दिलेला. नवा लिहून देऊ? माझ्या ध्यानात हाय सगळं."

त्याने खरोखरच माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि पेनचं टोपण काढलं. बाई चार पावलांवर बसल्या होत्या. मी त्याच्या हातातून पेन जवळजवळ हिसकावून घेतलं.

"काही लिहू नकोस," मी दबक्या आवाजात म्हणालो. "कुणी वेळ विचारली तर विसरलो म्हण."

"पण मी विसरलो न्हाय."

"मग तोंड बंद ठेव. एवढं तरी कर माझ्यासाठी."

मी असा तोडून बोललो की त्याला वाटायचं माझ्या घरी काहीतरी बिनसलंय. त्याने मान डोलावली, स्वतःच्या जागी जाऊन बसला आणि थोड्या वेळाने त्याच्या डब्यातलं काहीतरी वाटीत घालून माझ्या टेबलावर ठेवून गेला. बाईंनी मान वर न करता विचारलं, मिळाला का पंधरा नंबरचा अहवाल? सरकारी भाषेत अशा वेळी एक फार सोयीचं वाक्य आहे. मी ते म्हणालो आणि लिहिलंही, "अभिलेखात आढळून येत नाही." मग पुस्तकातली नोंद धरा, बाई म्हणाल्या. तो जुन्या पेन्शनच्या यादीत गेला. त्याच्यापुढे मध्यान्हपूर्व हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला, आणि लिहिताना माझा हात आनंदाने वगैरे काही चालला नाही. जळत होता.

पुढे त्याची बदली झाली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्याच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं आणि त्याने मधेच हात वर करून आपले उशिराचे दिवस सांगितले. आता फोनवर बोलतो. दर वर्षी दिवाळीत चकल्यांची आठवण काढतो. आई गेली तेव्हा तो आला होता, आणि स्मशानात लाकडं रचत असताना दुपारचे बारा झाले तसा बाजूला जाऊन उभा राहिला होता.

कागद माझ्याकडे आहे. सरकारी कागद घरी आणणं गुन्हा आहे हे मला कळतं. त्या टेबलावर इतकी वर्षं काढली. तो कपाटात माझ्या नेमणुकीच्या हुकमाच्या घडीत ठेवला आहे. तो फाडायचं माझ्या कितीदा मनात आलं, कारण तो सापडला तर नुकसान त्याचं आहे. फाडला नाही, कारण आपल्याकडे आहे या विचाराने कधी कधी बरं वाटतं. माणूस इतका वाईट असतो. पगारातून हप्ता कापून आला आणि बाजारातले आकडे घसरल्याचं कळलं की मी तो काढतो आणि पहिली ओळ वाचतो. बारा वाजून एकेचाळीस मिनिटं. एवढीच ओळ कुणापुढे ठेवली तर त्याचं म्हातारपण माझ्याइतकंच उघडं पडेल.

मग वाचता वाचता शेवटच्या ओळीवर येतो, आणि कागदाची घडी घालतो. ती नसती तर बाकावरचा तो माणूस माझ्या खुर्चीत बसला असता, आणि जुनी काय नि नवी काय, कुठलीच पेन्शन माझ्या वाट्याला आली नसती. त्याच्या जागी मी असतो, दीड-दोन तास ताटकळून, उन्हातून एकटा चालत जाऊन, पहिल्याच दिवशी उशिरा पोचलो असतो, तर माझ्या हातून ती ओळ लिहून झाली नसती. पेन्शनचा हेवा वाटतो, तो वाटतच राहील. पण त्या ओळीचा जास्त वाटतो.